खुणेचं हाड

पहिल्या वर्षाची मुलं डोळ्यांनी शोधतात.
मी म्हणते, डोळे मिटा, अंगठा ठेवा.
टेबलावर शौनक उताणा, टी-शर्ट छातीपर्यंत,
गुदगुल्या होतायत म्हणून पोट थरथरतंय,
आणि मृण्मयी टिपणीस निळी पेन्सिल घेऊन
त्याच्या कमरेपाशी रस्ता चुकली आहे.

बरगडीवरून खाली सरक. मऊ लागेल. अजून खाली.
मऊ संपतं तिथे कड लागते.
इथेच बाया लेकरू टेकवतात,
इथेच कळशी बसते, करगोटा अडतो.
पुस्तकात इलियाक क्रेस्ट. मी मनात नुसतं 'कडेवर' म्हणते.
आता तिच्यावरून पुढे ये, धारेधारेनं,
हाड एकदम संपून बोट घसरेल
तिथे टिंब काढ.
लठ्ठ माणसात ते खोल असतं. पण असतं.

पुण्यात पत्ता विचारा,
बंद पडलेल्या टॉकीजची खूण सांगतील,
बुजवलेल्या हौदाची,
पंधरा वर्षांपूर्वी उठलेल्या रसवंतीची,
आणि माणूस पोचतोही.
अंगाचं तसं नाही, मी सांगते,
मांस येतं, जातं, खुणेचं हाड जागचं हलत नाही.
दर वर्षी सांगते. ह्या वर्षी
वाक्य अर्धंच सोडून खडू शोधत बसले.

हे मी कॉलेजात नाही शिकले.
रविवार पेठेत, जिन्याखालच्या गाळ्यात,
'पोरे टेलर्स, फक्त जेंट्स'.
आरशासमोर गिऱ्हाईक पोट आत ओढायचं,
अण्णा फीत सोडून नुसता अंगठा दाबायचे कमरेवर:
"सोडा श्वास, शेठ. पोट खोटं बोलतं."
बसून बसून त्यांच्या स्टुलाला
दोन खळगे पडले होते, बैठकीच्या दोन हाडांचे.
मी त्यांत गोट्या ठेवायचे.

टायपिंग इन्स्टिट्यूटचे घारपुरे सर.
वहीत त्यांच्या नावापुढे पेन्सिलीनं
डा. एकोणचाळीस, उ. साडेअडतीस.
बावीस वर्षं अण्णांनी उजवा पाय अर्धा इंच कमी कापला
आणि बावीस वर्षं सर म्हणत राहिले,
"पोरे, तुमची पँट बुटावर पडते तशी कुणाची नाही."
मी विचारलं, सांगत का नाही त्यांना?
"सांगितलं की लंगडायला लागेल,"
अण्णा म्हणाले, तोंडात दोन टाचण्या.

मार्गशीर्षात अण्णा मोरीत घसरले.
खुबा मोडला. प्लेट, सहा स्क्रू, अकरा टाके.
आता कॉटवर. अंगावर इतकं कमी उरलंय
की खुणा शोधायला लागतच नाहीत,
दोन्ही बाजूंची टिंबं चादरीतून वर येतात.
दर दोन तासांनी मी त्यांना कुशीवर वळवते,
माकडहाडाच्या वरची कातडी बघते,
लाल आहे का, दाबल्यावर पांढरी होते का.

काल त्यांचीच फीत घेतली.
पहिला इंच झिजून गेलाय,
एकपासून धरायचं आणि शेवटी एक वजा, त्यांचीच सवय.
पुढच्या टोकाच्या खाली पितळी कडा टेकवली,
गुडघ्यावरून सरळ, घोट्याच्या आतल्या गाठीपर्यंत.
डावा चौतीस.
उजवा पुन्हा मोजला. मग पुन्हा.
सव्वातेहेतीस.

"किती?" अण्णा, छताकडे बघत.
"सारखेच."

रात्री दार लोटून त्यांच्या मशीनवर बसले.
मोटर कधीच बसवू दिली नाही, पायानं चालवायचं,
दोरा ओवायलाच दहा मिनिटं गेली.
पायजम्याचा उजवा पाय पाऊण इंच आत घेतला.

सकाळी वॉकर समोर ठेवला.
घालण्याआधी त्यांनी पायजमा मांडीवर पसरला,
डाव्या काठावरून अंगठा फिरवला,
मग उजव्या. मध्ये एकदा थांबला अंगठा.
खाली भंगारवाला ओरडत गेला, पार कोपऱ्यापर्यंत.

"टीप वाकडी आलीय," म्हणाले,
आणि पाय पुढे केला.